गणिताला दान दिलेला तास

विज्ञानाच्या बाई डबे भरत होत्या आणि त्यांच्याच शाळेत दहावीला असलेली लेक खोलीचं दार लावून रडत होती. कारण काय, तर मोजा सापडेना. दाढी करता करता बाप म्हणाला, "आलं वादळ. लांब राहा." आणि आरशात हसला.

घरात तिला ठिणगी म्हणत ते उगाच नाही. महिन्यातले काही दिवस ती कुणाशी धड बोलत नसे. डोकं धरून बसे, छाती दुखते म्हणून कण्हे, रात्रभर कूस बदलत राही. मग पाळी यायची आणि हीच पोर भांडी विसळताना गुणगुणायची. घरच्यांच्या मते ती लाडावली होती. तिला मात्र वाटे, आपलं डोकं ठिकाणावर राहिलेलं नाही.

त्यात यंदा दहावी. पहाटे शिकवणी, मग शाळा, पुन्हा शिकवणी. जीव मेटाकुटीला आला तरी घरात जप एकच, टक्के. शाळेनंही मोठं पुण्यकर्म आरंभलं होतं. वेळापत्रकातले आरोग्याचे तास दहावीला गणितासाठी देऊन टाकायचे! ते तास कुणाचे? विज्ञानाच्या बाईंचेच. आणि बाई दरवर्षी ते आनंदानं देत. त्यातल्या पाळीच्या धड्याला मुलं खिदळतात, मुली माना खाली घालतात, कशाला ती ब्याद? सुटले बाई एकदाची, असं म्हणत त्या वेळात त्या वह्या तपासत.

त्या दिवशी अशाच एका तासाला गणिताच्या सरांनी सराव परीक्षेचे पेपर वाटले. ठिणगीचे मार्क मोठ्यानं वाचले आणि वर आईवरून टोमणा मारला. वर्ग हसला. ठिणगीनं पेपर टराटरा फाडून सरांच्या टेबलावर भिरकावला.

झालं! मुख्याध्यापकांनी फर्मान काढलं की प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर 'मी उर्मट आहे, मी हे मुद्दाम केलं' असं म्हणून माफी मागायची, नाहीतर दाखला घेऊन जायचं. बापानं घरी जाहीर केलं की दाखला हातात आला तर शिक्षण बंद, गपगुमान घर सांभाळायचं. पोरीनं जायचं तरी कुठे? आईनं माफीची वाक्यं तिच्याकडून पाठ करून घेतली.

माफीच्या आदल्या संध्याकाळी पाळी आली. राग ओसरला, उरली ती भीती. उशी पोटाशी धरून ठिणगी म्हणाली, "आई, पाळीच्या आधी मला दर वेळी असं होतं गं. मला वेड लागतंय का?"

बाई बोलून गेल्या, "वेड नाही बाळा. पुष्कळ जणींना होतं असं. ताण असला की जास्तच. मलाही व्हायचं."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

बाईंची मान वर होईना. लाज कशाची वाटायला हवी होती आणि आपण जन्मभर कशाची बाळगली, हे त्यांना त्या क्षणी कळलं आणि फार लागलं.

सकाळी ठिणगी सगळ्या शाळेपुढे उभी राहिली. "पेपर फाडून फेकला, ते चुकलं. सर, माफ करा." एवढं म्हणून ती थांबली. मुख्याध्यापकांनी पुढचं म्हणायची खूण केली. "मी उर्मट नाही," ती म्हणाली. "ते मी म्हणणार नाही."

मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावून लेकीला समजवायला सांगितलं. बाई पुढे आल्या आणि तिच्या शेजारी उभ्या राहिल्या.

"तिचं जे चुकलं त्याची माफी मागितली. बाकीची चूक माझी. पाळीच्या आधी काय काय होतं, हे पोरींना सांगायला शाळेनं मला तास दिला होता. मी तो गणिताला देऊन टाकला."

मागची मुलं खिदळली. मुख्याध्यापक लाल झाले, दाखल्याचं आता शाळा समितीच्या सभेतच ठरेल म्हणाले.

त्या दुपारी आरोग्याच्या तासाला गणिताचे सर खडू घेऊन आले तेव्हा बाई वर्गात उभ्या होत्या. मुलांनाही त्यांनी बाहेर पाठवलं नाही. आधी कुजबुज झाली, मग वह्या उघडल्या. जागरण, चिडचिड, रडू, डॉक्टरांकडे केव्हा जायचं, सगळं त्यांनी सरळ शब्दांत सांगितलं.

कधी तोंड न उघडणारी एक मुलगी उभी राहिली.

"बाई, माझी ताई याच वर्गात होती. तिलाही असंच व्हायचं. वेडी म्हणून घरच्यांनी तिला शाळेतून काढलं. तिला का नाही सांगितलंत?"

वाचकहो, बाईंनी तिला काय सांगावं?