रामबाईच्या वाटचे पाणी

“काका, ओटीपी किस नंबर पे गया?” हिमांशूने नवा फोन माझ्याकडे वळवून विचारले.

मी सांगितले, “माझ्या बायकोच्या.”

“तो काकी को पूछिए ना.”

त्याचे मोबाईलचे दुकान गोंदियात नवे आहे. त्याला माहीत असण्याचे कारण नव्हते. रामबाई दिवाळीच्या आधी गेली, असे मी सांगितल्यावर तो काउंटरची काच पुसत राहिला. मग त्याने मला समजावले, की रिचार्ज केला नाही तर कंपनी नंबर बंद करते आणि काही महिन्यांनी दुसऱ्याला देऊन टाकते. आता तो ओटीपी भलत्याच माणसाच्या फोनवर गेला असणार.

रिचार्ज बंद करायचे माझ्या मुलाने, टिकेशने सुचवले होते. तो रायपूरला नोकरीला आहे. आईच्या नंबरवर आता कशाला, असे तो म्हणाला आणि मीही हो म्हणालो. घरात वायफाय होते, तिचा फोन चालत होता, त्यावर ती खेळायची तो गेम उघडत होता. नव्या फोनवर तो गेम उघडायला नंबराची गरज पडेल असे आम्हा दोघांच्याही डोक्यात आले नाही.

हा गेम शेतीचा. रामबाई आयुष्यभर खऱ्या बांधीत, धानाच्या शेतात वाकून रोवणी करत आली आणि संध्याकाळी पाय पसरून फोनवर पुन्हा शेतीच करायची. मी हसायचो. ती म्हणायची, “येथी कंबर दुखत नाई, तुमाले काय होते?” तिच्या माहेरच्या, कामठ्याच्या बायांनी त्या गेममध्ये आपले मंडळ केले होते. एकीच्या पिकाला दुसरीने पाणी द्यायचे. दुर्गेश्वरी, तिची लहानपणची मैत्रीण, त्या मंडळाची प्रमुख.

रामबाई दवाखान्यात होती तेव्हा या बायांनी तिचे शेत एक दिवसही वाळू दिले नाही. खाटेवर पडून ती मला फोन दाखवायची, आज कोणी पाणी दिले ते सांगायची.

गोंदियाजवळच्या आमच्या कुडव्यात रोवणीला बाया एकमेकींच्या बांधीत जातात. आज त्या तुझ्याकडे आल्या, उद्या तू त्यांच्याकडे जायचे. घरात मयत झाले तरी ते चुकत नाही. तेरवी झाली की त्या घरून कोणीतरी येते. बाई नसेल तर सून, सून नसेल तर नवरा. म्हणून तेरवी झाल्यावर मी तिचा फोन घेतला आणि तिच्या वाटचे पाणी द्यायला लागलो. तिच्याच नावाने. ती गेल्याचे ठाऊक असूनही बाया तिलाच हाक मारून लिहायच्या, मी उत्तर देत नव्हतो. पाणी देऊन बंद करायचो.

फोनबद्दल माझे मत चांगले नाही. मी राईस मिलमध्ये मशीन चालवत होतो. मिलची मशीन जुनी झाली की आवाज करते, पट्टा तोडते, तेल मागते. पण धडधाकट असताना एका सकाळी, तुमचे धान आता घेत नाही, नवी मशीन आणा, असे ती म्हणत नाही. रामबाईच्या फोनची काच चांगली, बॅटरी चांगली. गेम म्हणाला अपडेट करा. अपडेट म्हणाले, हा फोन जुना आहे. बिघाड नसताना वस्तू निकामी करायची, याला मी सुधारणा म्हणणार नाही. टीव्हीचेही तसेच. पूर्वी बटण दाबले की बातम्या लागायच्या. आता तो आधी जाहिरात दाखवतो, मग विचारतो, कोण पाहत आहे. घरात मी एकटा. तो रोज विचारतो.

मंडळात आठ दिवस कोणी फिरकले नाही तर गेम आपोआप नाव काढून टाकतो. त्यासाठी दुर्गेश्वरीची परवानगीही लागत नाही. मी जुन्या फोनशी झटापट करण्यात सहा दिवस घालवले होते. रामबाईचे नाव त्या बायांमधून एका मशीनने काढावे, हे मला चालणार नव्हते.

मी हिमांशूच्या दुकानातूनच तिच्या नंबरवर फोन लावला. एका माणसाने उचलला. ओटीपीचे नाव काढताच तो म्हणाला, “दुसरा कोनी पाहा, बावा. मी एकदा फसलो आहो.” आणि बंद केला. मला राग आला नाही. मीही दिला नसता. लोक फसवतात तरी किती.

पुन्हा लावला. म्हणालो, “ओटीपी फोनवर देऊच नोका. मी येतो. तोंड पाहा, पटलं त द्या.”

तो म्हणाला, “या. आमगावले टायरचं दुकान आहे माझं. पोलीस ठान्याच्या समोरच आहे, समजलं ना?”

मी समजलो म्हणालो, आणि स्कूटरवर आमगावला गेलो.

मुन्नालाल त्याचे नाव. हात ग्रीसने काळे. पंक्चर काढता काढता त्याने मला खालपासून वरपर्यंत पाहिले. बायकोचे नाव विचारले. मी सांगितले, तसा त्याने टायर खाली ठेवला.

“रामबाई? कुडव्याच्या का जी?”

“हो.”

“अरे बापा. तुमीच का तिचे मालक? नंबर घेतला तवापासून फोन येऊन राहिले. रामबाईले द्या, रामबाईले द्या. एक बुढी त मलेच चोर म्हने. माझ्या बायकोनं दोन दिवस मले जेवाले वाढलं नाई, म्हने ही रामबाई कोन ते आधी सांगा.”

मी हसलो. खूप दिवसांनी हसलो असेन. मग त्याला सांगितले, ती कशी गेली, हा गेम काय आहे, आणि मी कशासाठी आलो. एवढ्यासाठी गोंदियावरून आले का, असे तो विचारेल असे वाटले होते. पण तो खेड्यातला माणूस, रोवणीचा व्यवहार त्याला माहीत होता. त्याने हात पुसले, स्टूल पुढे केले आणि विचारले, “आता तिच्यासाठी कोनाचा फोन आला त काय सांगू?”

“गेली म्हनून सांगजा. आन माझा नंबर देजा.”

त्याने माझा नंबर घेतला. मग मी ओटीपी मागवला, त्याने तो एकेक आकडा मोठ्याने वाचला आणि रामबाईचे शेत नव्या फोनवर उघडले.

मालकिणीने गेम उघडला नाही तर दुसऱ्यांना तिच्या शेतात पाणी सोडता येत नाही, म्हणून सगळे तपकिरी पडले होते. नाव मात्र मंडळात होते.

मी आधी बाकीच्यांच्या शेतात गेलो. सहा दिवसांचे राहिले होते. एकेकीला पाणी देत बसलो. तेवढ्यात दुर्गेश्वरीने लिहिले, “रामबाई, कोठी होती वं? वाट पाहून राहिलो आमी.”

नेहमीसारखे मी ते सोडून देणार होतो. पण आत्ताच एका अनोळखी माणसाने माझे तोंड पाहून विश्वास ठेवला होता. दुसऱ्याच्या नावाआड बसणे बरे वाटेना. मी लिहिले, “मी जीवनलाल. रामबाईच्या वाटचा मी येत होतो.”

लिहून झाल्यावर वाटले, आता बाया संकोचतील. परक्या पुरुषाला मंडळात कोण ठेवेल? नाव वाचवायला आलो आणि आपल्याच हाताने घालवले.

उत्तर लगेच आले.

“माहीत आहे, भाऊजी. भेंडीत धानावानी पानी बांधून ठेवलं तुमी. सारी भेंडी सडली. तवाच समजलं आमाले, हे बाईचं काम नोहे.”

हे खरे होते. सुरुवातीला मी प्रत्येक वाफा काठोकाठ भरायचो. आयुष्यभर धान केले, पीक म्हणजे पाण्यात उभे राहणारे, एवढेच हाताला माहीत. सगळे सडले होते आणि मला वाटले होते, गेमच खराब आहे.

मी लिहिले, “मंग सांगतलं काऊन नाई?”

“सांगतलं असतं त तुमी आले असते का?”

तिने पुढे लिहिले, “आमचं झालं. आता रामबाईच्या बांधीत पानी सोडा. वाळून राहिली.”

मुन्नालालच्या दुकानापुढे एक मोटारसायकल येऊन थांबली. त्याने त्या माणसाला हाताने थांबायला सांगितले आणि मला उठू दिले नाही.

मी पाणी सोडले. माती भिजून काळी झाली तिथे बंद केले.