डाव्या खिशातले मोजे

मी एक जुना चामडी कोट आहे. काळा, कमरेपर्यंतचा आणि सध्या बाह्यांशिवायचा. बाह्या कुठे गेल्या ते पुढे येईलच. खिसे मात्र तीन शाबूत आहेत आणि मित्रांनो, माझं सगळं शहाणपण त्यांतून आलेलं आहे. माणूस तोंडाने काहीही सांगो, तो खिशात काय ठेवतो त्यावरून तो कुठे निघालाय ते मला कळतं.

एका मोठ्या शहरातल्या कारागिराने मला जाड चामड्यातून कापलं, दुहेरी शिवण घातली आणि दुकानाच्या काचेत टांगलं. मला घेऊन जाणारा माझा मालक तेव्हा बावीस वर्षांचा होता. पायाला भिंगरी. दोस्त त्याला ‘वादळ’ म्हणत आणि त्याला ते आवडे, यातच सगळं आलं. त्याची एक ठरलेली रीत होती. नोकरीचा कंटाळा आला, घरमालकाशी वाजलं, कुणाशी जमलेलं बिनसलं, की तो मला अंगात चढवी, मोटारसायकलला लाथ मारी आणि निघे. निरोप घेणं त्याला जमत नसे. सहा वर्षांत अकरा नोकऱ्या, नऊ खोल्या आणि तीन रडणाऱ्या मुली मागे पडलेल्या मी पाहिल्या. तेव्हा उजव्या खिशात किल्ली असे, डाव्यात कुणाकुणाच्या काड्यापेट्या. आतला खिसा रिकामा. आतल्या खिशात माणूस जपायच्या वस्तू ठेवतो.

माझी तेव्हा चंगळ होती, खोटं कशाला बोलू? दर पंधरवड्याला तेलाचा हात फिरे. रस्त्यात लोक वळून माझ्याकडे बघत. मालकाला वाटे, त्याच्याकडेच बघतात.

मग एका लहानशा गावात मोटारसायकलची सीट फाटली. सीटा आणि गाद्या शिवणारं तिथे एकच दुकान होतं. म्हातारबाबा खिळे मारीत, त्यांची लेक शिवणयंत्रावर बसे. तिने सीट शिवली, मग न विचारता मालकाच्या अंगातून मला काढून घेतलं आणि माझ्या खांद्याची उसवलेली शिवणही घातली. ती म्हणाली की अशी शिवण घाईघाईने अंगात घालून उसवते, एवढी कुठे जायची घाई असते? सीट तासाभरात तयार होती. तो आठवडाभर राहिला, मग वर्षभर, मग जावईच झाला.

घर दुकानाच्या मागेच होतं. मला दारामागची खुंटी मिळाली. मालक खिळे मारायला शिकला. बसच्या सीटा, दातांच्या डॉक्टरची खुर्ची, सिनेमागृहातल्या फाटक्या रांगा, सगळं त्याच्या हाताखालून जाऊ लागलं. म्हातारबाबा गिऱ्हाइकांना सांगत, “जावईबापूंचा हात बसला. आता बूड बसलं की झालं.” मुलगी झाली. माझ्या खिशांत सेफ्टी पिना, औषधाच्या बाटलीचं झाकण आणि अर्धं बिस्कीट राहायला आलं. तेलाचा हात मात्र कुणी फिरवेना. कोपरांवर मला भेगा पडल्या.

एक गोष्ट फक्त मला ठाऊक होती. मालकाने मला खुंटीवरून काढलं, अगदी धूळ झटकायलाही, तरी पलीकडच्या खोलीत मालकिणीचं शिवणयंत्र थांबे. मी परत खुंटीवर गेलो की सुरू होई.

मुलगी पाच वर्षांची असताना ते एकदा घडलंच. सिनेमागृहाच्या खुर्च्यांना कोणता रंग द्यायचा यावरून सासऱ्या-जावयाचं बिनसलं. मालकाने डोक्यात राख घालून मला चढवलं आणि निघून गेला. तिसऱ्या दिवशी परतला, तर मालकीण दारात उभी. तिच्याकडे बघायची हिंमत होईना, म्हणून त्याने उगाच डाव्या खिशात हात घातला. आत मुलीचा मोजा होता. डबक्यात भिजला म्हणून आदल्या आठवड्यात त्यानेच कोंबलेला. तो मुलीपुढे धरून म्हणाला, “हा राहिला होता ना माझ्याकडे? तोच द्यायला आलो.”

बाबा वेळ मारून नेतोय, हे मोठ्यांना कळलं. मुलीला ते खरं वाटलं. बाबा मोजा द्यायला परत येतो, तर मोजा त्याच्याजवळ असलेला बरा. त्या संध्याकाळपासून ती स्टुलावर चढून माझ्या डाव्या खिशात मोजा ठेवू लागली. एकावर भरवसा नको म्हणून हळूहळू चार झाले, चार जोड्यांतले. घरात मोजे एकेकटे उरले. मालकिणीने दोरीवरच्या चिमट्यांना दोष दिला, आजोबांनी उंदरांना. मुलगी एक पाय निळा, एक पिवळा घालून शाळेत जाई, पण तोंडातून ब्र काढत नसे.

आणि एके दिवशी जुन्या टोळीतला लंब्या दुकानात आला. तीन महिने समुद्राकाठाने भटकायचं होतं, सगळे दोस्त जमले होते. “वादळा, तू इथे खिळे ठोकत बसणार?” मालक विचार करतो म्हणाला. मालकिणीने वाद घातला नाही. एवढंच म्हणाली, “जायचं तर सांगून जा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मला खुंटीवरून काढलं. शिवणयंत्र थांबलं. तो न सांगता निघाला.

गावाबाहेरच्या पेट्रोल पंपावर लंब्या वाट बघत होता. थंडी होती. मालकाने खिशात हात घातले आणि एक मोजा निघाला. मग दुसरा, तिसरा, चौथा. त्याने ते मोटारसायकलच्या टाकीवर मांडले, एकाची दुसऱ्याशी जोडी लावून पाहिली. लागेना. लंब्याने विचारलं, मोज्यांचं दुकान काढलंस की काय? मालक हसला नाही. मुलीच्या पायांतले दोन रंग त्याने रोज पाहिले होते. आज त्याचा अर्थ लागला.

“हे द्यायला जायचंय,” तो म्हणाला.

“मग देऊन ये. थांबतो.”

“थांबू नकोस. मी तिथेच राहणार आहे.” आणि त्याने लंब्याचा हात हातात घेतला. त्याने कुणाचा रीतसर निरोप घेतलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

आम्ही घरी पोचलो तेव्हा मुलगी शाळेला निघाली होती. तिने मोजे नीट मोजून घेतले आणि चारही आणलेस ना, अशी खात्री करून घेतली. मालकिणीने मुलीच्या पायांकडे पाहिलं, मग माझ्या खिशाकडे. मालकाने मला कापायच्या टेबलावर आडवं केलं.

“बाह्या काप,” तो तिला म्हणाला.

“चामडं एकदा कापलं की परत जुळत नाही.”

“म्हणून तर कात्री तुझ्या हातात देतोय.”

तिने माप घेतलं, मगच कापलं. मित्रांनो, बाह्यांशिवायचा कोट घालून कुणी मोटारसायकलवर लांब जात नाही. वारा थेट काखेत शिरतो. खिळे मारताना छाती राखायला मात्र तो फार उपयोगी. माझ्या बाह्यांची गादी मुलीच्या त्या स्टुलाला लागली. आता मी दिवसा दुकानात मालकाच्या अंगावर असतो, रात्री त्याच खुंटीवर, आणि मला पुन्हा तेल मिळतं.

तुमच्या घरी एखादा जुना कोट असेल, तर त्याला वर्षातून दोनदा तेल लावा आणि ओल्या भिंतीला टांगू नका. आणि तो घालून निघताना, मित्रांनो, परत कधी येणार ते सांगून निघा. पलीकडच्या खोलीत कुणीतरी हातातलं काम थांबवून कान देत असतं.

मुलीने लगेच विश्वास टाकला नाही. दीड महिना ती पुन्हा माझ्या खिशात मोजे ठेवत होती. मग एका संध्याकाळी ती स्टुलावर चढली, चारही मोजे काढले आणि आईच्या हातात दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी मालकाने मला खुंटीवरून काढलं. पलीकडे शिवणयंत्र चालूच राहिलं.