फळ्यावरून पुसलेलं नाव

ट्युनिशियातल्या गाबेस शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात साफसफाईसाठी टाकीत कोण उतरलंय, हे नियंत्रण कक्षातल्या पांढऱ्या फळ्यावर लिहिलेलं असायचं. नाव, टाकीचा नंबर, वेळ. वर आलेला माणूस आपलं नाव स्वतः पुसायचा. दुसऱ्या कुणी त्याला हात लावायचा नाही, असा नियमच होता.

त्या दिवशी राजधानी ट्यूनिसहून पाहुणे आले. त्यांना नवी योजना समजावताना संचालकांनी सगळा फळा पुसून त्यावर आकृत्या काढल्या. केंद्रातली तंत्रज्ञ वसीला तेव्हा पाण्याचे नमुने घ्यायला बाहेर गेली होती. ती परतली तेव्हा पाळीप्रमुख मोंजी चार नंबरच्या टाकीत पाणी सोडायच्या तयारीत होते. पाहुण्यांना अकरा वाजता पंप सुरू झालेला बघायचा होता. अकराला सहा मिनिटं होती.

फळ्यावर तिरकं ऊन पडलं होतं. निळ्या बाणांखाली वसीलाला जुन्या शाईचा पुसट डाग दिसला. ती जवळ गेली. सफाई कामगार बशीरच्या नावाची पहिली अक्षरं, आणि पुढे चारचा आकडा.

"मोंजीकाका, बशीर वर आला का?"

"नाव नाहीये ना फळ्यावर. आला असणार."

"फळा त्याने नाही पुसला. आकृत्या काढायला साहेबांनी पुसलाय."

मोंजींनी वायरलेसवर हाक मारली. नुसती खरखर. टाकीच्या जाड भिंतींतून आवाज जातच नसे. तेवढ्यात संचालकांनी दारातून डोकावून पाहुणे खोळंबल्याचं सांगितलं. मोंजींचा हात पंपाच्या बटणाकडे गेला. वसीलाने बटणावर तळहात ठेवला.

"मी बघून येईपर्यंत हे कुणी दाबायचं नाही."

संचालकांचा चेहरा लाल झाला. मोंजी बटणासमोर खुर्ची ओढून बसले.

"मी इथनं हलत नाही. तू पळ, पोरी."

टाकीचं झाकण उघडं होतं. वसीलाने वाकून हाका मारल्या. बऱ्याच वेळाने खाली उजेड हलला.

"काय गं, जेवण आलं का?" बशीरचा आवाज होता.

"वर ये. आत्ताच्या आत्ता."

बशीर वर आला, त्याच्यामागून त्याचा जोडीदार खमैस. खमैसही आत असल्याचं तोवर तिला ठाऊकच नव्हतं.

दुपारी वसीलासमोर लबलाबीचा, म्हणजे छोल्यांच्या गरम रश्शाचा वाडगा आला. मोंजी शेजारी बसून चूक कुणाची याचा अहवाल लिहीत होते. पहिल्याच ओळीत त्यांनी स्वतःचं नाव घातलं होतं, संचालकांचं दुसऱ्या.