पिंडापुढचा शब्द

गुंडाच्या दहाव्याला सगळी वाडी माणगंगेच्या कोरड्या पात्रात जमली होती. पिंड मांडून झाला, पण कावळा शिवेना. तो बाभळीवर बसून होता आणि माणसं पिंडाभोवती कोंडाळं करून.

गुंडाच्या भावानं, नाथाजीनं, हात जोडून सांगितलं, घर सांभाळतो. वाशीच्या मार्केटात माथाडी असलेला गुंडाचा मुलगा कुणाल म्हणाला, आईला अंतर देणार नाही. कावळा ढिम्म.

“त्याचा जीव आमच्यात न्हाईच,” नाथाजी म्हणाला. “पाण्यात हाय. आमदार, तुमीच शब्द द्या. कालव्याचं पाणी वाडीला आणतो म्हणा.”

नाथाजी धोंडिरामांकडं बघत होता. आमदारकी जाऊन दोन निवडणुका उलटल्या, तरी वाडी त्यांना आमदारच म्हणायची. पाण्याचा शब्द देऊनच ते निवडून आले होते, आणि गुंडानं तो शब्द सायकलवरून दारोदार पोचवला होता. निवडून आल्यावर इंजिनिअरनं नकाशा पसरून दाखवला. कालवा खाली, वाडी वर. पंपानं उचलून द्यायच्या योजनेतही वाडी बसत नव्हती, खर्च परवडेना. पुढची निवडणूक डोळ्यापुढं होती म्हणून धोंडिराम गप्प राहिले. मग तोच शब्द परत भाषणात घातला, आणि तरीही पडले. गुंडानं मात्र कधी विचारलं नाही, पाणी कुठवर आलं म्हणून.

आज खरं सांगून टाकावं, असं त्यांना वाटलं.

“नाथाजी, माझ्या हातात आता काय हाय? तहसीलदारसुद्धा फोन उचलत न्हाई माझा.”

“दोनदा पाडला म्हणून रुसलंय आमदार,” मागून कुणीतरी पुटपुटलं. दोघंतिघं हसली.

“हातात काय नसू द्या,” गुंडाची बायको चंद्राबाई म्हणाली. सकाळपासून ती पहिल्यांदाच बोलत होती. “तोंडानं म्हणा. आवं, उनात ताटकळल्यात त्ये. जित्तेपणी तरी तुमच्याबिगर कुणाचं ऐकलं त्यांनी?”

धोंडिराम सवयीनं जरा उंचवट्यावर जाऊन उभे राहिले. माणसंही सवयीनं त्यांच्यापुढं सरकली.

“गुंडा, वाडीला पाणी आणतो. हा माझा शब्द हाय.”

आवाज सभेतला निघाला. तेवढ्यात कावळा खाली उतरला आणि पिंडाला चोच लावून भाताचं शीत घेऊन उडाला. बायकांना रडू फुटलं. “ऐकलं, ऐकलं त्यानं,” म्हणत नाथाजीनं डोळे पुसले.

पिंडापासची माणसं हटली म्हणून कावळा उतरला, हे एकट्या धोंडिरामांच्या ध्यानात आलं. तिथं उभं राहून पाढे म्हटले असते तरी तो उतरला असता.

ते सांगायला तोंड उघडतायत, तोवर कुणाल पाया पडला. मग तिथंच त्यानं मुकादमाला फोन लावला. “माझ्या जागी दुसरा गडी घ्या. व्हय, कायमचाच. गावाकडं पाणी येतंय आमच्या.”

फोन ठेवून तो उजळल्या तोंडानं म्हणाला, “साहेब, रान लय दिवस पडून हाय. ऊस लावू का डाळिंब?”

चंद्राबाई लेकाकडं बघत होती. दहा दिवसांत तिच्या तोंडावर पहिल्यांदाच काही हललं होतं.

“डाळिंब,” धोंडिराम म्हणाले. “कमी पाण्यावर येतं.”