अम्मींचा अभ्यास

झरीनच्या सासूबाईंना, फातिमाअम्मींना, आयुष्यात पहिल्यांदाच विमानात बसायचं होतं, आणि त्या कधी बसणार हे ठरवायचं काम झरीनच्या गळ्यात पडलं होतं.

नणंद महरीन दोह्याला होती. दिवस भरत आलेले, पहिलं बाळंतपण, तेव्हा आई हवीच. मुंबईला विमानतळापर्यंत भाचा सोडणार होता आणि दोह्यात जावई दारात उभा राहणार होता. मधलं सगळं मात्र अम्मींना एकटीनं निभवायचं होतं. झरीनचा नवरा उमेर बोटीवर नोकरीला. रेंज मिळाली की फोन करायचा आणि म्हणायचा, "तू इंग्रजीत बी.ए. केलंयस. शिकव तिला थोडं. ती तयार आहे असं तू म्हणालीस की मी तिकीट काढतो."

म्हणून राजिवड्यातल्या त्या घरात रोज दुपार कलली की, अस्रच्या नमाजानंतर, मागच्या पडवीत वर्ग भरायचा. अम्मी भाजी निवडायच्या, झरीन आपल्या आठ महिन्यांच्या यासीनला मांडीवर घेऊन शिकवायची. तिचं म्हणणं असं, की विमानतळावर, दवाखान्यात जड शब्द कोणी वापरत नाही. तिथं टेक, गेट, पुट असले किरकोळ शब्दच धावपळ करतात, आणि प्रत्येकाला एक शेपूट असतं. शेपूट बदललं की प्राणीच बदलतो.

"बूट टेक ऑफ करा म्हणजे काढा," झरीन सांगायची. "विमान टेक ऑफ करतं म्हणजे उडतं. आणि यासीन बापावर गेलाय, ते टेक आफ्टर."

"बूट, विमान आणि बाप, सगळे एकाच टेकमध्ये. दुसरे शब्द संपले होते काय गो त्यांचे?"

"आपण नाही का करत? पायात चप्पल घालतो, पोराला अंघोळ घालतो, जेवायला घालतो. कोंबडी अंडी घालते."

"आणि तुझे सासरे, अल्ला त्यांना जन्नत देवो, दिवसभर शिव्या घालायचे," अम्मी म्हणायच्या, आणि दोघी हसायच्या. यासीनही मग उगाचच हसायचा.

पण अम्मी काही ठिकाणी अडल्या त्या अडल्याच. गेट ऑफ म्हणजे उतरणं, हे रोज सांगावं आणि त्यांनी रोज 'चढणं' म्हणावं. फिल इन म्हणजे फॉर्म भरणं, तर त्या म्हणायच्या पोट भरणं. लुक आफ्टर म्हणजे मागे वळून बघणं.

"अजून थोडे दिवस लागतील," झरीन उमेरला सांगायची. सांगताना वाईट वाटायचं, आणि फोन ठेवल्यावर बरं वाटायचं. त्या बरं वाटण्याचीच तिला लाज वाटायची.

यासीन झोपला की ती त्याच्या नाकाशी बोट धरून श्वास बघायची. एकदा बघून भागायचं नाही. तो खोकला की हिचा घास तोंडातच राहायचा. अंग जरा कोमट लागलं की ती त्याला उचलून अम्मींकडे न्यायची. अम्मी त्याच्या गळ्याला हात लावून म्हणायच्या, "दात येतायत," आणि झरीनच्या जिवात जीव यायचा. अम्मी गेल्यावर 'दात येतायत' कोण म्हणणार?

त्या दुपारी यासीन तिच्या खांद्यावर नुकताच झोपला होता. मागच्या दाराशी बांगडे द्यायला सखू आली होती. झरीन स्वयंपाकघरात शिरली तेवढ्यात पडवीतून अम्मींचा आवाज आला.

"ही तुझी टोपली म्हणजे माझी बॅग. पुट इट ऑन म्हणाले की पट्ट्यावर ठेवायची. मग कागद देतात, फिल इन करायचा, म्हणजे नाव, पत्ता भरायचा. विमान थांबलं की सगळ्यांबरोबर गेट ऑफ, उतरायचं. जावई बाहेर उभा."

"आणि कोण इचारलं, कशाला आलात, तर?" सखूनं विचारलं.

"सांगायचं, टू लुक आफ्टर माय डॉटर. लेकीची देखभाल करायला."

झरीन दाराआड थबकली.

"भाभी, तुम्ही तर मडमिणीसारख्या बोलताय. मग जात का नाय?"

टोपली सरकल्याचा आवाज आला. मग अम्मी हळू म्हणाल्या, "ही पोरगी एकटी राहील गो. पोरगं खोकललं तरी पांढरी पडते. नवरा पाण्यावर, आई दूर अलोऱ्याला. जरा धीट होऊ दे तिला. तवर मी ढ."

"आणि तिकडं लेक वाट बघते, तिचं काय?"

अम्मी बांगडे मोजू लागल्या.

झरीन पाय न वाजवता खोलीत गेली आणि यासीनला घेऊन पलंगाच्या कडेला बसून राहिली. महरीनचा चेहरा तिच्या डोळ्यांपुढे आला. परवाच व्हिडिओवर तिनं विचारलं होतं, "भाभी, बाळ रडलं की कशासाठी रडतंय ते कसं कळतं?" आणि झरीन अर्धा तास बोलत होती. भुकेचं रडणं वेगळं, झोपेचं वेगळं, पोटात गॅस झाला की बाळ पाय कसे पोटाशी घेतं, तेव्हा पालथं मांडीवर कसं घ्यायचं. बोलताना तिला एकदाही अम्मींना हाक मारावी लागली नव्हती. हे तिच्या आत्ता लक्षात आलं.

संध्याकाळी वर्ग भरला. अम्मी गवार मोडत होत्या.

"गेट ऑफ?" झरीननं विचारलं.

"चढणं," अम्मी मान वर न करता म्हणाल्या.

"बरोबर."

अम्मींचे हात थांबले. "बरोबर कसं? उतरणं ना ते?"

झरीन नुसती त्यांच्याकडे बघत राहिली. अम्मींनी चटकन पदर सावरला आणि पुन्हा गवार हातात घेतली, पण मोडली नाही.

"सखूनं सांगितलं काय गो?"

"मीच ऐकलं."

"घाबरशील तू."

"घाबरेन. घाबरत घाबरत करेन, अम्मी." झरीननं यासीनला मांडीवर नीट घेतलं. "रोज फोन करेन. वैताग येईल तुम्हाला माझा."

"तो आत्ताही येतो," अम्मी म्हणाल्या आणि त्यांनी डोळे पुसले.

झरीननं फोन उचलला. उमेरला रेंज नव्हती. मग तिनं आवाज रेकॉर्ड करून पाठवला, "अम्मी तयार आहेत. तिकीट काढा." बटण सोडल्यावर तिला वाटलं, पुसून टाकावं. मांडीवरच्या यासीननं फोनकडे हात केला, तसा तिनं तो दूर, अम्मींच्या पाटाजवळ ठेवून दिला.