कोकीळ उशिरा आला

दक्षिण आफ्रिकेतल्या आम्हा खोसा लोकांच्या गावात तांबड्या छातीचा कोकीळ ओरडला, की बायका पेरणीसाठी कुदळ उचलतात. यंदा पाऊस त्याच्या आधीच येऊन गेला. मी तेव्हाच पेरायला निघाले होते, तर सासूबाई म्हणाल्या, “पक्ष्यापेक्षा शहाणी झालीस का गं?” मक्याचं बी पोत्यातच राहिलं.

कोकीळ ओरडला तेव्हा वावराला भेगा पडल्या होत्या. तरी सासूबाई म्हणाल्या, “चल, खण.” माझं डोकं फिरलं. कोकिळा दरवर्षी ज्यात अंडी घालते, ते कुंपणातलं रॉबिन पक्ष्याचं घरटं मी त्यांच्यापुढे आणून टाकलं. ऊन लवकर तापल्यामुळे रॉबिनची पिल्लं कधीच उडून गेली होती.

“बघा आई, कोकिळांनाही उशीरच झालाय.”

सासूबाई रिकाम्या घरट्यात बोट फिरवत राहिल्या. कोकीळ ओरडतच होता.

“मग हा बोलावतोय कुणाला?” त्यांनी विचारलं.