मागच्या सीटवरचा रेडिओ

स्टुडिओतल्या महागड्या स्पीकरांवर बाबांचा काडीचा विश्वास नव्हता. "हे म्हणजे लाड करणारी मावशी," ते म्हणायचे. "शिंक रेकॉर्ड केली तरी वा वा करतील."

म्हणून कुठलाही नवा अल्बम बाहेर पडायच्या आधी त्याची शेवटची परीक्षा व्हायची ती बाबांच्या जुन्या गाडीत. गाडीचा डावा स्पीकर घसा बसल्यासारखा खरखरायचा आणि खिडकीची काच थरथरायची. इथे जे गाणं टिकलं ते जगात कुठेही टिकेल, असा बाबांचा हिशोब. बाबांचं कामच ते. ज्याचा आवाज वर हवा त्याला वर आणायचं, नको त्याला खाली बसवायचं. घरात मात्र त्यांना हे कधी जमलं नाही, कारण घरात रेडिओ होती.

रेडिओ म्हणजे त्यांची मुलगी. नववीतली. शाळेतून आली की सुरू, झोपली की बंद, मधे बटणच नाही.

लहानपणापासून तिची जागा मागच्या सीटवर. दिवे लागायच्या वेळेला गाडी निघायची. नदीकाठचा रस्ता, मग पूल, मग कारखान्याची न संपणारी भिंत, आणि परत. पुढे बाबांच्या शेजारी ज्याचा अल्बम तो, जीव मुठीत धरून. कधी रॅपवाला दादा, कधी बासरीवाले काका. एकदा तर चार केसाळ मुलं आली होती. गाण्यात आभाळ फाटेल असं किंचाळणारी, आणि गाडीत बसल्यावर हळूच विचारणारी, "काका, बेल्ट लावू का?"

प्रत्येकाला आपलं एक गाणं सगळ्यात आवडतं असायचं, आणि नेमकं तेच हमखास नापास व्हायचं. "जे गाणं करताना जास्त रडवतं ना, तेच यांना देखणं वाटतं," बाबा म्हणायचे. गाडी परत आली की ते शांतपणे सांगायचे, हे ठेव, हे काढ. रेडिओला वाटायचं, आपल्या बाबांचे कान जादूचे आहेत.

परवा रॅपवाल्या दादानं बिंग फोडलं. "कसले कान, अगं! तू बोलत राहिलीस की गाणं नापास. तू गप्प झालीस की पास. तुझे बाबा आरशात तुझं तोंड बघत असतात!"

रेडिओचे पाय दोन दिवस जमिनीला लागले नाहीत. म्हणजे इतकी वर्षं सगळ्यांचे अल्बम तिच्या बडबडीवर चालले होते!

आणि आज गाडीत पुढच्या सीटवर आत्या होती.

आत्या इतकी वर्षं दुसऱ्यांच्या मागे उभी राहून गायली. तिच्या वाट्याला कायम "आऽऽ" नाहीतर "ओऽऽ". "माझ्यापर्यंत शब्द पोचेपर्यंत संपलेले असतात," ती हसून म्हणायची. आता पहिल्यांदा तिचा स्वतःचा अल्बम येणार होता, उद्या सकाळी. अडलं होतं ते शेवटच्या गाण्यावर. ते तिनं एकटीनं, स्वयंपाकघरात, फोनवर रेकॉर्ड केलं होतं.

"ताई, त्यात नळ गळताना ऐकू येतो," बाबा म्हणाले.

"मला तेच सगळ्यात आवडतं."

"तीच तर भीती आहे."

"मलाही आहे," आत्या म्हणाली. "म्हणून तर बसलेय तुझ्या खटाऱ्यात. आज काय ते ठरू दे."

गाडी निघाली. रेडिओनं तोंडाला कुलूप घातलं. आज आत्याची सगळीच्या सगळी गाणी पास करायची, तिनं ठरवून टाकलं होतं. हाताची घडी, ताठ मान. एक गाणं संपलं. दुसरं संपलं. आरशात बाबांचे डोळे तिच्याकडे बघून चक्रावले.

तिसऱ्या गाण्याला आत्यानं मागे वळून पाहिलं. "बरं नाही का गं?"

"मस्त आहे की मी."

"मग गणिताच्या पेपरला बसल्यासारखी का बसलीस?" आत्यानं गाणं थांबवलं. "हिला कोणी सांगितलं?"

"आई शप्पथ, मी नाही," बाबा म्हणाले.

रेडिओचा चेहरा पडला. "मला तुझी सगळी गाणी पास करायची होती."

"अगं वेडे, मला खोटे मार्क नकोत. आजवर सगळ्यांनी मला छान छान म्हटलं आणि मागेच उभं केलं. कोणीतरी खरं सांगा ना! बोल तू. जे सुचेल ते बोल."

बाबांनी पहिल्यापासून लावलं. रेडिओ आधी अडखळली, मग नेहमीसारखी सुटली. शाळा, डबा, बाकावरची भांडणं. दोन गाणी तिच्या बडबडीत वाहून गेली. आत्या बाहेर बघत राहिली, पण थांब म्हणाली नाही. पुढच्या काही गाण्यांना रेडिओ मधेच गप्प झाली, तर आत्यानं श्वाससुद्धा जपून घेतला.

परतताना पूल आला तेव्हा शेवटचं गाणं लागलं.

"...आणि स्टेजवर माझा माइकच बंद पडला! सगळे हसायला लागले. पण मी थांबलेच नाही, तशीच ओरडून बोलले. मग मुख्याध्यापिका उठल्या, माझ्यापर्यंत आल्या, आणि म्हणाल्या..."

टप. नळातला एक थेंब. टप. मग आत्याचा आवाज, अगदी कानाशी, ओट्यापाशी उभं राहून स्वतःशीच बोलावं तसा. पुलावरचे दिवे एकेक करून गाडीत उतरले, सीटवरून सरकले, निघून गेले. खाली नदी आहे की आभाळ, कळेना. गाडी चालतेय की पूलच मागे वाहतोय, तेही कळेना. खरखरणारा स्पीकर खरखरत होता, काच थरथरत होती, आणि थेंब त्या सगळ्यांना हळूच ताल देत होता.

कधीतरी गाणं संपलं. वळणावर इंडिकेटर टिकटिकत होता, तेवढाच आवाज.

"मग?" आत्यानं विचारलं. "काय म्हणाल्या मुख्याध्यापिका?"

रेडिओनं डोळ्यांची उघडझाप केली.

"कोण मुख्याध्यापिका?"

बाबांनी हात वर करून आरसा पुन्हा रस्त्याकडे वळवला.

"नळ राहू दे, ताई," ते म्हणाले.